एका ठिपक्याला एकच बिट

ब्लॅकमॅजिकच्या सिनेमा कॅमेऱ्याच्या मेनूत १२:१ असा एक पर्याय असतो. बोट टेकवले की निवड झाली, 'नक्की ना?' असा प्रश्नसुद्धा कॅमेरा विचारत नाही. त्या आकड्याचा अर्थ मात्र थांबून पाहावा असा आहे. आपल्यावर किती प्रकाश पडला हे सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका १२ बिटांत सांगतो, म्हणजे ४,०९६ पायऱ्यांपैकी नेमकी एक पायरी. १२:१ निवडले की कार्डावर त्या ठिपक्याच्या वाट्याला सरासरी एक बिट उरतो. एक बिट म्हणजे 'हो' किंवा 'नाही'. नायिकेच्या कानामागची सुटलेली बट, मागच्या भिंतीचा उडालेला रंग, खिडकीतून आलेल्या उन्हातली धूळ, हे सगळे ठिपक्यामागे एका हो-नाहीत बसवायचे. आणि ते बसते. मोठ्या पडद्यावर पाहतानाही बसते. मूळ चित्र आणि दाबलेले चित्र यांतला फरक शोधायला सराईत डोळ्यांनाही दोन्ही शेजारी ठेवून, मोठी करून पाहावी लागतात.

काहीच दाबले नाही तर काय होईल, ते आधी पाहू. ८के म्हणजे ८,१९२ गुणिले ४,३२०. गुणाकार येतो ३,५३,८९,४४०. प्रत्येक ठिपक्याचे १२ बिट धरले तर एका फ्रेमचे ५३ मेगाबाइट होतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १.२७ गिगाबाइट. १२८ जीबीचा मोबाइल शंभर सेकंदांत काठोकाठ. तासाला ४.६ टेराबाइट. आणि ८केचे आता फारसे कौतुक राहिलेले नाही. २०२० साली ब्लॅकमॅजिकने उर्सा मिनी प्रो १२के आणला: १२,२८८ गुणिले ६,४८०, जवळपास आठ कोटी ठिपके. न दाबता लिहायचे म्हटले तर सेकंदाला २.८७ गिगाबाइट, तासाला १०.३ टेराबाइट. हा कॅमेरा पूर्ण १२के चित्र सेकंदाला ६० फ्रेमच्या गतीनेही टिपतो. तेव्हा आकडा सेकंदाला सात गिगाबाइटच्या वर जातो. त्यानंतर याच कंपनीने उर्सा सिने १७के ६५ काढला. १७,५२० गुणिले ८,०४०, चौदा कोटी ठिपके, तासाला १८.३ टेराबाइट.

सिनेमाचा डेटा वर्षानुवर्षे जपायचा असेल तर तो एलटीओ टेपवर ठेवतात. एलटीओ-९ टेपची क्षमता १८ टेराबाइट. म्हणजे या कॅमेऱ्याचे एका तासाचे न दाबलेले चित्रण एका टेपमध्ये मावत नाही, थोडे बाहेर उरते. ती टेप लिहिण्याचा वेग सेकंदाला ४०० मेगाबाइट. पूर्ण भरायला साडेबारा तास. तासभर शूट करा आणि रात्रभर टेप फिरताना बघत बसा. अर्थात हा हिशोब कागदावरचाच आहे, कारण या कॅमेऱ्यांत न दाबलेला रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची मोजणी, लिहिण्याची सोयच नाही. दाबायचे की नाही हा वाद संपला. किती दाबायचे एवढेच ठरवायचे उरले आहे.

वीस वर्षांपूर्वी तो वाद चांगलाच जिवंत होता. 'खरा सिनेमा' करायचा तर चित्राला हात लावायचा नाही, अशी तेव्हाची समजूत. कॅनडाच्या डाल्सा कंपनीचा ओरिजिन हा ४के कॅमेरा सेकंदाला सुमारे ४०० मेगाबाइट ओतायचा, आणि ते झेलायला वेगळा रेकॉर्डर सोबत वागवावा लागे. डेव्हिड फिंचरचा 'झोडियाक' (२००७) बहुतांशी थॉमसन वायपर कॅमेऱ्यावर न दाबता टिपला गेला. तो साधा १९२० गुणिले १०८०, तरी सेकंदाला दोनशे मेगाबाइटच्या घरात. पैसा आणि माणसे दोन्ही असतील त्यांचेच हे काम.

मग जिम जॅनर्ड आले. ओकली गॉगलच्या धंद्यात नाव आणि पैसा कमावलेला हा माणूस. त्याने रेड नावाची कंपनी काढली आणि ऑगस्ट २००७ मध्ये पहिले रेड वन कॅमेरे गिऱ्हाइकांच्या हातात दिले. किंमत १७,५०० डॉलर. ४के रॉ, आणि लिहायचे कशावर, तर फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यात असते त्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर. सेन्सरमधून सेकंदाला तीनशेहून जास्त मेगाबाइट निघत होते. कार्डावर पोचत होते २८. दहा-बारा पट दाबलेले. आठ जीबीच्या कार्डात जेमतेम पावणेपाच मिनिटे मावत, पण मावत! हा ४के नव्हेच, दाबून चपटे केलेले चित्र आहे, अशी तेव्हा पुष्कळ कुजबुज झाली. स्टीव्हन सोडरबर्गने त्याच कॅमेऱ्यावर 'चे' (२००८) केला, फिंचरने 'द सोशल नेटवर्क' (२०१०). कुजबुज विरली.

याच सुमारास मुंबईत एक वेगळाच प्रयोग चालला होता. 'स्लमडॉग मिलियनेअर'चे चित्रण २००७च्या अखेरीस सुरू झाले. धारावीच्या गल्ल्यांतून पळणाऱ्या पोरांच्या मागे ३५ मिलिमीटरचा अवजड कॅमेरा घेऊन पळणे शक्य नव्हते. छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनी सिलिकॉन इमेजिंगचा एसआय-२के हा कॅमेरा निवडला. त्याचे डोके धडापासून वेगळे होते: हातात लेन्स आणि सेन्सर, पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉप, दोघांना जोडणारी एक नेटवर्क केबल. हिशोब करून पाहा. २,०४८ गुणिले १,१५२ ठिपके, १२ बिट, २४ फ्रेम: सेकंदाला ८५ मेगाबाइट. गिगाबिट केबलची मर्यादा १२५, म्हणजे केबलमधून जाते. पण तेव्हाच्या लॅपटॉपच्या फिरत्या डिस्कला, तीही पळणाऱ्या माणसाच्या पाठीवर, ते सलग लिहिणे झेपले नसते. म्हणून लॅपटॉपमध्येच सिनेफॉर्म रॉ नावाच्या पद्धतीने चित्र दाबून मग डिस्कवर उतरवले. सगळा चित्रपट असा झाला नाही, फिल्मही वापरली गेली. पण मोठा भाग असाच. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याच्या छायालेखनाला ऑस्कर मिळाले. त्या आधी मुख्यतः डिजिटल टिपलेल्या कोणत्याच चित्रपटाला ते मिळालेले नव्हते. चित्र न दाबण्याचे सोवळे पाळले असते, तर त्या गल्ल्यांत कॅमेरा शिरलाच नसता.

आता आत डोकावू. सेन्सरला मुळात रंग दिसत नाहीत. प्रत्येक ठिपक्यावर एकेक रंगीत काच बसवलेली असते: निम्म्यांवर हिरवी, पाव ठिपक्यांवर लाल, पाव ठिपक्यांवर निळी. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६चे. (१२के कॅमेऱ्यात मांडणी वेगळी आहे, त्यात बिनरंगी ठिपकेही आहेत, पण तत्त्व तेच.) पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूला तीन रंगांचे तीन आकडे लागतात. सेन्सर मोजतो एकच. उरलेले दोन शेजाऱ्यांकडे पाहून अंदाजाने भरायचे. म्हणजे आपण जे रंगीत चित्र 'पाहिले' म्हणतो त्यातल्या दर तीन आकड्यांपैकी दोन कोणी मोजलेलेच नसतात. हे भरण्याआधीची जी कच्ची मोजणी, तिला रॉ म्हणायचे. कॉम्प्रेशनला नाक मुरडणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न असतो, की दोन तृतीयांश रंग सुरुवातीलाच सोडून दिले, ते कसे चालले?

ही कच्ची मोजणी जशीच्या तशी दाबायला अवघड, कारण हिरव्याशेजारी लाल, लालशेजारी हिरवा, आकडे सतत उड्या मारतात. म्हणून आधी रंगांचे थर वेगळे काढतात. मग एकेका थरात शेजारी-शेजारी आकडे बरेचसे सारखे दिसू लागतात. रेडने आणि सिनेफॉर्मने इथे वेव्हलेट नावाचे गणित वापरले. चित्राची निम्म्या आकाराची प्रत काढायची, आणि मूळ चित्र व ती प्रत यांतला फरक बाजूला लिहायचा. त्या छोट्या प्रतीची पुन्हा तशीच प्रत, पुन्हा फरक. निरभ्र आभाळाचे, रंगवलेल्या भिंतीचे फरक जवळजवळ शून्य. शून्यांची लांब रांग लिहायला जागा लागत नाही. फरक छोटे असतील तर तेही शून्यच धरायचे. किती छोटा फरक 'छोटा' म्हणायचा, हे मेनूतला तो आकडा ठरवतो.

इथवर सगळे सरळ वाटते. खरी मेख पुढे आहे, आणि मला या विषयातली सगळ्यात चक्रावणारी संख्या तिथेच भेटते.

सेन्सरवरचा ठिपका म्हणजे प्रकाशकण मोजणारा एक खड्डा. प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉन साठतात. चांगल्या सिनेमा सेन्सरच्या एका ठिपक्यात काही दशहजार इलेक्ट्रॉन मावतात. हिशोबाला ४०,००० धरू. आता १६ बिटांची मोजपट्टी घेतली, तर तिच्यावर ६५,५३६ खुणा. मोजायच्या वस्तू चाळीस हजार आणि पट्टीवर खुणा पासष्ट हजार! एका इलेक्ट्रॉनचेही दीड तुकडे मोजायची तयारी. इतके करून ते चाळीस हजार तरी पक्के असतात का? नाहीत. प्रकाशकण सरळ रांगेत येत नाहीत, पावसाच्या थेंबांसारखे अवचित पडतात. सरासरी ४०,००० असेल तर प्रत्यक्षात कधी ३९,८०० येतील, कधी ४०,२००. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो, म्हणजे २००. यात कंपनीची चूक नाही, सेन्सरची नाही. प्रकाशाचा स्वभावच तसा, आणि कितीही महाग कॅमेरा घेतला तरी तो बदलत नाही. फ्रेमगणिक बदलत राहणाऱ्या या चढउताराला सेटवर नॉइज म्हणतात.

मग काळ्या अंधारापासून भरलेल्या खड्ड्यापर्यंत, नॉइजच्या एकेका पावलाने चालत गेलो तर खरोखर वेगळ्या अशा किती पायऱ्या भेटतील? गणित सोपे आहे: वर्गमुळाची दुप्पट. दोनशेची दुप्पट, चारशे. पासष्ट हजार खुणांची पट्टी, आणि तिच्यावर अर्थ असलेल्या पायऱ्या चारशेच्या आसपास. नऊ बिटांत ५१२ पायऱ्या होतात. म्हणजे नऊ बिट पुरेत. अर्ध्या पावलांनी चालायचे म्हटले तरी दहा. कॅमेरे १६ बिटांचे मोजमाप १२ बिटांच्या लॉग पट्टीवर उतरवतात ते याच भरवशावर. उजेडात खुणा लांब-लांब, अंधारात जवळ-जवळ. जिथे नॉइज मोठा तिथे बारीक मोजण्यात हशील नाही.

आणि आता उलट बाजूने पाहा. नॉइज दाबता येत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली सिद्ध केले की ज्यात काही नियमच नाही ते एका मर्यादेपलीकडे लहान होत नाही. म्हणून काहीही न गमावता रॉ दाबायला गेले की गाडी लवकर अडते. ॲरीच्या कॅमेऱ्यांसाठी कोडेक्स कंपनीची एचडीई नावाची पद्धत आहे. एकही बिट न बदलता ती फाइल सुमारे ४० टक्क्यांनी लहान करते. म्हणजे १२ बिटांचे साधारण सात उरतात. या सातातला मोठा हिस्सा चित्र नसून नॉइजची खरखर आहे. ८के न दाबता ठेवता तेव्हा तासाला जे साडेचार टेराबाइट जपता, त्यातले कितीतरी म्हणजे प्रकाशाने केलेल्या अंदाधुंदीची काटेकोर नोंद. तीच अंदाधुंदी पुढच्या टेकला वेगळी आली असती आणि कोणाला पत्ता लागला नसता.

८:१ वर ठिपक्याला दीड बिट, १२:१ वर एक, १८:१ वर तीन ठिपक्यांत मिळून दोन. सातावरून दीडवर येताना मुख्यतः खरखर झडते. म्हणूनच जादू जमते.

फक्त कोडेकला, म्हणजे चित्र दाबणाऱ्या पद्धतीला, खरखर आणि बारीक तपशील यांतला फरक कळत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही छोटे छोटे फरकच. इथे निवड करणाऱ्याला डोके लावावे लागते. आभाळ, भिंत, मागची धूसर झालेली बाग, जवळून घेतलेला चेहरा: १२:१ लाही काही होत नाही. पण कोकणातला आडवातिडवा पाऊस, वाऱ्याने हलणारे उसाचे शेत, विसर्जनाच्या मिरवणुकीत उधळलेला गुलाल, तेही ढोलपथकाच्या हलत्या गर्दीवर, ही कोडेकची परीक्षा. तिथे पडद्यावरचा प्रत्येक कण शेजाऱ्यापेक्षा वेगळा आणि पुढच्या फ्रेममध्ये भलतीकडेच. प्रमाण ठरलेले असेल, तर तेवढ्याच बिटांत हा सगळा कल्लोळ भरताना गुलाल चिखलासारखा दिसू लागतो. म्हणून ब्लॅकमॅजिकने दुसरी पद्धतही दिली: क्यू० ते क्यू५, जिथे दर्जा ठरलेला आणि फाइलचा आकार दृश्याप्रमाणे कमी-जास्त. रेडही आता नव्या कॅमेऱ्यांत गुणोत्तराऐवजी एचक्यू, एमक्यू, एलक्यू अशी नावे देते. दर्जा बांधून ठेवणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. पण लाइन प्रोड्यूसरला 'आज डेटा किती होईल' याचे उत्तर सकाळीच हवे असते, आणि ते गुणोत्तरातच देता येते.

अंधारातले दृश्य ही दुसरी परीक्षा. ४०,००० इलेक्ट्रॉनमध्ये चढउतार २००, म्हणजे अर्धा टक्का. सावलीतल्या ठिपक्यात शंभरच इलेक्ट्रॉन पडले तर चढउतार दहा, म्हणजे दहा टक्के. कोडेकचे बिट खरखर लिहिण्यात खर्ची पडतात आणि चेहऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. डीओपी, म्हणजे छायालेखक, ३:१ साठी निर्मात्याशी भांडतो आणि त्याच दृश्यात दोन स्टॉप कमी, म्हणजे पाव प्रकाशात शूट करतो, तेव्हा तो एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने सांडत असतो. दिवा वाढवणे पुष्कळदा डिस्क वाढवण्यापेक्षा स्वस्त पडते.

हिरव्या पडद्यासमोरच्या कामाला मात्र मी कंजुषी करणार नाही. केसांच्या कडा कापून काढायच्या असतात, आणि लाल व निळ्या थरांत आधीच पाव-पाव ठिपके. तिथे ५:१, फार तर ३:१. कथापटाच्या रोजच्या दृश्यांना ८:१, बसून बोलणाऱ्या माणसाच्या मुलाखतीला १२:१ खुशाल. एक सावधगिरी: एका कंपनीचे आठ दुसरीच्या आठाइतके असेलच असे नाही. कोण १६ बिटांवरून भाग देते, कोण १२ वरून. तुलना करायची तर सेकंदाला किती मेगाबाइट एवढेच विचारावे.

ही गुणोत्तरे पैशात कशी उतरतात ते पाहू. दोन तासांचा चित्रपट, त्यासाठी साठ तास चित्रण. आजच्या मानाने हा काही उधळेपणा नाही. ८के, १२ बिट, न दाबता: २७५ टेराबाइट. एक प्रत ठेवून कोणी झोपू शकत नाही. तीन प्रती धरल्या तर ८२५ टेराबाइट, एलटीओ-९च्या ४६ टेपा. ८:१ ला तेच ३४ टेराबाइट, तीन प्रतींचे १०३, सहा टेपा. दिवसाला दोन तास चित्रण झाले तर न दाबलेले ९.२ टेराबाइट, सेकंदाला एक गिगाबाइट वेगाने कार्डावरून उतरवून घ्यायला अडीच तास, आणि प्रत बरोबर उतरली का हे चेकसमने ताडून पाहण्याचा वेळ वेगळा. ८:१ ला वीस मिनिटांच्या आत. पॅकअपनंतर युनिटची व्हॅन निघून जाते आणि डीआयटी, म्हणजे सेटवरचा डेटा सांभाळणारा, दोन डिस्कांच्या हिरव्या दिव्यांकडे पाहत बसून राहतो. ३:१ चा हट्ट धरणारा क्वचितच त्याच्या शेजारी बसलेला असतो.

या आकड्यांसाठी कंपन्या कोर्टातही गेल्या. कॅमेऱ्याच्या आतच २के किंवा त्याहून मोठा रॉ दाबून लिहिणे, यावर रेडचे अमेरिकी पेटंट होते. ॲपलने २०१९ मध्ये त्याला आव्हान दिले, ते फेटाळले गेले. २०२२ मध्ये रेडने निकॉनवर दावा लावला, पुढच्या वर्षी तो मिटला, आणि २०२४ मध्ये निकॉनने रेड कंपनीच विकत घेतली. जर्मनीची ॲरी बरीच वर्षे या भानगडीपासून दूर, न दाबलेला ॲरीरॉ देत राहिली.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) ॲरीच्याच अलेक्सा कॅमेऱ्यांवर झाला, मुख्यतः २०१२ मध्ये, नामिबियाच्या वाळवंटात. एडिटर मार्गारेट सिक्सेल यांच्यापुढे ४८० तासांचे चित्रण येऊन पडले. सगळे २,८८० गुणिले १,६२० आकाराच्या ॲरीरॉमध्ये धरले तर फ्रेमला सात मेगाबाइट, तासाला ६०५ गिगाबाइट, एकूण २९० टेराबाइट. हेच १२के कॅमेऱ्याने न दाबता केले असते तर पाच पेटाबाइट. आणि फिल्मवर? ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. ४८० तासांची ७९० किलोमीटर. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून रुळाशेजारी अंथरत निघालो तर वर्धा मागे टाकून नागपूरच्या वाटेला लागू. त्यातून सिक्सेल यांनी दोन तास ठेवले. २४०:१. कोणत्याही कॅमेऱ्याच्या मेनूत हे प्रमाण नाही. त्यांना २०१६चे संकलनाचे ऑस्कर मिळाले. कच्ची फिल्म महाग होती तेव्हा दिग्दर्शक टेकआधी तालीम करून घेई; आता 'चालू राहू दे' म्हणायला काही लागत नाही. ३:१ की ८:१ यावर तासभर वाद घालून मग दोन टेकच्या मध्ये कॅमेरा बंद करायचे विसरणारी युनिटे मला गमतीची वाटतात.

प्रेक्षकापर्यंत यातले किती पोचते? थिएटरमधल्या डिजिटल प्रतीला सेकंदाला २५० मेगाबिटची कमाल मर्यादा आहे. ४के, ३६ बिटांचा पूर्ण रंगीत बिंदू, २४ फ्रेम: न दाबता ते ७,६४४ मेगाबिट झाले असते. म्हणजे तिकीट काढून बसलेला प्रेक्षक तीस पट दाबलेले चित्र बघतो, आणि तेही वेव्हलेटनेच दाबलेले. तीन रंग मिळून एका बिंदूला १.१८ बिट. घरी तर विचारू नका. नेटफ्लिक्स ४के साठी १५ मेगाबिटच्या इंटरनेटची शिफारस करते. त्या पंधराही मेगाबिटांत चित्रच आले असे धरले, तरी सव्वातेरा बिंदूंना मिळून एक बिट. न दाबलेल्या चित्राच्या चारशेव्या हिश्शाहूनही कमी.

शेवटी असेच होणार असेल तर कॅमेऱ्यात एवढी चिंता कशाला, असे कोणी विचारेल. कारण मध्ये डीआय, म्हणजे चित्राचे रंग आणि उजेड ठरवण्याची पायरी, आहे. ग्रेडिंग करणारा सावली दोन स्टॉप वर उचलतो, म्हणजे आकडे चौपट करतो, आणि कोडेकने केलेली छोटी चूकही चौपट होते. ओटीटीसाठी दाबलेल्या चित्राला पुढे कोणी हात लावत नाही. कॅमेऱ्यातल्या चित्राला सगळेच लावतात.

अर्काइव्हचा हिशोब याहून वेगळा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या चित्रपटांच्या जतनाचा मोठा प्रकल्प २०२२ मध्ये जाहीर झाला: सुमारे २,२०० चित्रपट, ३६३ कोटी रुपये, निगेटिव्ह किंवा प्रिंट ४के मध्ये स्कॅन करून डीपीएक्स फाइलींत ठेवायची. ४,०९६ गुणिले ३,११२ ची दहा बिटांची एक डीपीएक्स फ्रेम ५१ मेगाबाइटची, दाबणे वगैरे काही नाही. दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० फ्रेम, म्हणजे ८.८ टेराबाइट. असे हजार चित्रपट घेतले की ८.८ पेटाबाइट. फिल्मवर चांदीच्या कणांतून उमटलेला ग्रेन हाही एक नॉइजच, आणि या टेराबाइटांतला मोठा वाटा त्याचाच. इथे तो फेकायची परवानगी कोणालाच नाही, आणि ते योग्यच आहे. मूळ निगेटिव्ह दरवर्षी थोडी झिजते, पुन्हा स्कॅन करायची संधी मिळेलच असे नाही.

आणि हाच ग्रेन आता लोकांना परत हवा आहे. डिजिटल चित्र फार गुळगुळीत वाटते म्हणून डीआयमध्ये त्यावर ग्रेन चढवतात. 'ड्यून' (२०२१) डिजिटल कॅमेऱ्यांवर टिपला, मग ३५ मिलिमीटर फिल्मवर छापला आणि ती फिल्म पुन्हा स्कॅन केली, कारण छायालेखक ग्रेग फ्रेझर यांना तो पोत हवा होता. आता तो पोत घरी पोचवायचा तर पंचाईत, कारण ग्रेन दाबता येत नाही. एव्ही१ या नव्या कोडेकमध्ये त्यावर तोड काढलेली आहे. पाठवण्याआधी चित्रातला ग्रेन पुसून टाकायचा, कसा होता त्याचे चार आकडे सोबत पाठवायचे, आणि प्रेक्षकाच्या टीव्हीने त्या आकड्यांवरून स्वतःचा ताजा ग्रेन तयार करून चित्रावर भुरभुरायचा.